एका कामाची नोंद एकाच ठिकाणी हवी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर खुशाल कात्री लावा, पण सासूबाईंच्या गोळीचा भाग तेवढा राहू द्या, त्याच्यासाठीच हे लिहायला बसलेय.

सासूबाई ८१ वर्षांच्या, डायबिटीस जुना. सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइडची एक गोळी असते, ती द्यायचं काम माझं, म्हणून माझ्या फोनमध्ये रोज आठचा रिमाइंडर, नाव "ग्लिमेपिराइड". मध्ये मी आठ दिवस माहेरी वाळपईला गेले होते तेव्हा ह्यांनी स्वतःच्या फोनवर "आईची शुगरची गोळी" म्हणून पावणेआठचा अलार्म लावला आणि रोज वाजेल असा करून ठेवला. रविवारी रात्री मी परत आले आणि माझं काम माझ्याकडे आलं, पण तो अलार्म तसाच राहिला. सोमवारी सकाळी पावणेआठला ह्यांनी चहा-पोईबरोबर गोळी दिली आणि मासळी आणायला म्हापशाला गेले. आठला माझा फोन वाजला, मी भाजीची ताटली आणि गोळी घेऊन गेले. सासूबाई म्हणाल्या, "घेतली गो, घेतली." हल्ली त्यांचं कालचं आणि आजचं एकमेकांत मिसळतं, मला वाटलं कालचंच सांगतायत. ती दुसरी गोळी मी माझ्या हाताने दिली.

साडेदहाला त्या खुर्चीत घामाघूम झालेल्या दिसल्या, हात थरथरत होते, विचारलेल्याचं उत्तर नीट देत नव्हत्या. ग्लुकोमीटरवर ५८. सत्तरच्या खाली आलं की लगेच साखर द्यायची हे डॉक्टरांनी आधी शिकवून ठेवलेलं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं शेजारी बसले आणि परत बघितलं तर ८६. मग डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले या गोळीचा असर लांब चालतो, पोटभर खायला द्या आणि दिवसभर, रात्रीसुद्धा मध्ये मध्ये शुगर बघत राहा. ती रात्र आम्ही दोघांनी आळीपाळीने जागून काढली आणि रात्री एकच्या सुमाराला बोलता बोलता ह्यांच्या तोंडून अलार्मचं निघालं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

आमच्यापैकी कुणीच हयगय केली नव्हती, दोघांनी आपापलं काम अगदी वेळेवर केलं होतं, पण एकच काम दोन ठिकाणी दोन वेगळ्या नावांनी लिहिलेलं होतं आणि एकाने केलेलं दुसऱ्याला दिसत नव्हतं.

मी म्हापशात एका होलसेल दुकानात २७ वर्षं हिशेब लिहिले, आधी वह्यांत, नंतर टॅलीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशेबाच्या प्रोग्रामवर. एकच बिल दोनदा चढू नये म्हणून जिवाचं रान केलेलं माणूस मी, आणि घरातल्या कामांना तो नियम कधी लावलाच नाही याचं मला फार वाईट वाटतं. दुकानात मालाबरोबर ओरिजिनल बिल यायचं आणि आठवड्याने पोस्टाने त्याचीच कॉपी यायची. कॉपी नवीन बिल समजून चढवली तर पार्टीला, म्हणजे माल देणाऱ्याला, दोनदा पैसे गेले. म्हणून चढवायच्या आधी त्या पार्टीचं खातं उघडून तो बिल नंबर आहे का बघायचा, आणि चढवलं की बिलावर "नोंद झाली" चा शिक्का मारून कोपऱ्यात लाल शाईने खात्याचं पान लिहायचं. ज्यांनी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहिलीय त्यांना खा.पा. चा रकाना आठवत असेल, खातेपान. तो रकाना रिकामा म्हणजे नोंद अजून खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, गेलेली नाही आणि तिथे आकडा असला म्हणजे गेली, त्या पानावर जाऊन बघा. तेवढ्या बारक्या रकान्यामुळे एकच रक्कम दोनदा खतवली जात नाही.

घरी आपण नेमकं उलटं करतो. काम विसरू नये म्हणून लिहितो आणि विसरायची जितकी भीती तितक्या जास्त ठिकाणी लिहितो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल, फ्रिजवर चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज, शिवाय फोनच्या टास्कमध्ये, शिवाय डायरीत. काम झालं की ज्या ठिकाणी समोर दिसलं तिथे टिक होते, बाकीच्या चार ठिकाणी ते उघडंच राहतं. दहा दिवसांनी ते परत डोळ्यासमोर येतं आणि आपण विचारात पडतो, अरे हे केलं होतं की नाही, मग पावत्या शोधा, बँकेचा मेसेज शोधा. लाईट बिल आमच्याकडे असंच एकदा दोनदा भरलं गेलं, पैसे पुढच्या बिलात वळते झाले म्हणून निभावलं. पण पैशापेक्षा मोठं नुकसान असं की यादीवरचा विश्वास उडतो, झालेली कामं पण न झालेल्यांत दिसायला लागली की माणूस यादी बघायचंच सोडून देतो आणि मग खरोखर राहिलेलं काम त्यातच बुडतं.

आणि नेहमी दोनदाच होतं असंही नाही, कधी कधी एकदाही होत नाही. गेल्या चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, सांगते. आमचं मूळ घर एक, चुली तीन, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून बांधतो त्या चौकटीचं, सामान तिघांत वाटून आणतो. कुणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादी टाकली, दुसऱ्याने ती कॉपी करून खाली आपल्या चार वस्तू जोडून परत टाकली, तिसऱ्याने आणखी तिसरी, म्हणजे दुपारपर्यंत एकाच माटोळीच्या तीन याद्या फिरत होत्या आणि प्रत्येक जण वेगळी यादी बघून बाजारात उभा. सुपारीचे कातरे, म्हणजे घड, दोन आले, चवथीच्या बाजारात कातऱ्याचा भाव काय असतो ते गोंयच्या माणसाला सांगायला नको. तवशीं तिघांनीही आणली, कारण जाऊबाईंनी "तवशें" लिहिलं होतं, मी "काकडी" आणि माझ्या मुलाने "कुकुंबर". आणि माटोळी बांधायचे केवणीचे दोर कुणीच आणले नाहीत, कारण ते तिन्ही याद्यांत होते आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याच्या यादीत आहेत म्हणजे तो आणणार. शेवटी सुतळीने माटोळी बांधली. मोठ्या दीरांनी आयुष्यात पहिल्यांदा सुतळीची माटोळी बघितली, बोलले काही नाहीत, पण मला ते बघवलं नाही.

या तवशें-काकडी-कुकुंबरचा विचार मी नंतर बरेच दिवस करत होते, कारण आपल्या गोव्यात हे जास्तच होणार. आपण घरात कोंकणीत बोलतो, मराठीत लिहितो, ऑफिसचं इंग्लिशमध्ये असतं, आणि फोनला बोलून लिहायला सांगितलं तर तो तिसरंच काहीतरी लिहितो. "लाईट बिल", "इलेक्ट्रिसिटी" आणि "विजेचं बिल" ही मशीनच्या दृष्टीने तीन वेगळी कामं आहेत, सर्च केलं तरी एक शोधताना दुसरं सापडत नाही. टॅलीत सुद्धा त्याच नावाचं लेजर, म्हणजे खातं, परत उघडायला गेलं की ते "डुप्लिकेट एंट्री" म्हणून अडवतं, पण नावाच्या आधी "मेसर्स" लावलं की गुपचूप उघडू देतं, आणि वर्षाच्या शेवटी एकाच पार्टीची दोन खाती निघतात. त्यावर तिथे उपाय पण आहे, एका लेजरला एलियास म्हणजे दुसरं नाव देता येतं, कुठल्याही नावाने शोधा, खातं एकच उघडतं. मी आता घरच्या यादीत तेच करते, कामाच्या एकाच ओळीत सगळी नावं लिहून टाकते, "लाईट बिल वीज इलेक्ट्रिसिटी", दिसायला विचित्र दिसतं पण कसंही शोधलं तरी तीच ओळ येते. आणि आधी विषय, मग काम, "घर लाईट बिल", "घर पाणीबिल", "बँक एफडी रिन्यू", म्हणजे याद्या नावाप्रमाणे लावल्या की सारखी कामं शेजारी शेजारी येतात आणि डबल झालेलं असेल तर नजरेत भरतं. "एफडीचं बघायचं", "बँकेत जायचं" असं कसंही लिहिलं तर एक वर जातं एक खाली जातं आणि दोन्ही राहतात.

फोनवाल्यांसाठी थोडं. गूगल टास्क्समध्ये तारीख घालून काम लिहिलं की ते गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप दिसतं, हे माहीत नसल्याने लोक तेच काम कॅलेंडरमध्ये इव्हेंट म्हणून परत लिहितात. विमानाचं किंवा हॉटेलचं बुकिंग जीमेलवर आलं की कॅलेंडर त्यातून स्वतःच इव्हेंट बनवू शकतं, वर आपण हाताने लिहिलं की एकाच प्रवासाच्या दोन नोंदी. फोन बदलल्यावर जुनं सगळं नवीन फोनवर आणताना तर हमखास घोळ होतो, काही नोंदी फोनमध्ये सेव्ह असतात, काही गूगल अकाउंटवर, आणि दोन्ही एकत्र दिसायला लागल्या की प्रत्येक वाढदिवस दोनदा. माझ्या मुलाने मला समजावलं की कॅलेंडरच्या फाईलमध्ये प्रत्येक नोंदीला एक यूआयडी असतो, न बदलणारा नंबर, आपल्या जमिनीच्या सर्व्हे नंबरासारखा. मालक बदलो, शेताला कुणी काहीही नाव देवो, एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या, उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन तीच. हा नंबर जुळला तर प्रोग्रामला कळतं की ही नोंद आधीची आहे, आणि नंबर नसलेल्या साध्या सीएसव्ही फाईलमधून तेच सामान दोनदा आत ओढलं तर सगळं दोनदा दिसू शकतं. म्हणून इम्पोर्ट करायच्या आधी बॅकअप घ्या आणि चार-पाच नोंदी घालून बघा, एकदम हजार नोंदी ओतू नका.

बाकी ॲप कुठलंही चालेल, वही पण चालेल, माझी शेजारीण पंचांगाच्या मागच्या पानांवर सगळं लिहिते आणि तिचं काही चुकत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा, पक्की यादी घरात एकच असू दे. कच्चं कुठेही लिहा, पाकिटाच्या मागे लिहा, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा, ती कच्ची वही, खर्डा. पण रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं बसून कच्च्यातलं पक्क्यात उतरवायचं, उतरवण्याआधी तिथे आहे का शोधायचं, आणि उतरवलं की कच्चं तिथल्या तिथे खोडायचं किंवा डिलीट करायचं, आपला तो "नोंद झाली" चा शिक्का समजून. हे शेवटचं लोक करत नाहीत, त्यांना वाटतं राहिलं तर राहिलं, उपयोगी पडेल, आणि तिथूनच सगळं सुरू होतं.

काम पुढे ढकलायचं झालं तर नवीन तारखेवर नवीन लिहू नका, असलेल्याचीच तारीख बदला. वहीत लिहीत असाल तर जुन्या पानावर "पुढे नेले" लिहून नवी तारीख घाला, बेरीज पुढच्या पानावर नेताना आपण लिहितोच की. मतदार यादीत नाव दोनदा का येतं त्याचं एक कारण हेच आहे. घर बदललं की आता फॉर्म ८ भरायचा असतो, तो असलेलं नाव हलवतो, पण लोक नवीन मतदारासाठीचा फॉर्म ६ भरून मोकळे होतात आणि जुन्या जागी नाव तसंच राहतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, त्याच्या कलम १७ आणि १८ मध्ये स्पष्ट आहे की एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत नको आणि एका मतदारसंघात दोनदा पण नको. आपल्या कामांना तेवढी शिस्त लावायला कायदा कशाला हवा.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे कारण त्यात पण मी पोळलेय. चवथीच्या अनुभवानंतर मी फार उत्साहाने यादी साफ करायला बसले आणि "विमा हप्ता" दोनदा दिसला म्हणून एक उडवला. ते दोन वेगळे हप्ते होते, एक ह्यांच्या पॉलिसीचा, एक माझ्या. माझा राहून गेला. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, त्यातला सव्वीसावा दिवस होता म्हणून पॉलिसी वाचली. तेव्हापासून पॉलिसी नंबरचे शेवटचे चार आकडे कामाच्या नावातच लिहिते, टॅलीत व्हाउचर नंबर हाताने घालताना "प्रिव्हेंट डुप्लिकेट्स" ला यस करायचा ऑप्शन असतो तो सुद्धा नंबरच बघतो, बिलावरचा माल सारखा आहे म्हणून अडवत नाही. आणि दोन नोंदी खरंच एकाच कामाच्या निघाल्या तर डोळे झाकून एक उडवू नका, आधी दोन्ही उघडून बघा, कधी एकीत तारीख असते आणि दुसरीत रेफरन्स नंबर किंवा पावतीचा फोटो, ते सगळं एकीत आणा, मग दुसरी काढा.

सासूबाईंच्या गोळ्यांसाठी आम्ही सात दिवसांचा सात कप्प्यांचा डबा आणलाय, फार्मसीत मिळतो. रविवारी रात्री मी आठवड्याच्या गोळ्या भरते. कप्पा रिकामा म्हणजे गोळी दिली, कप्प्यात गोळी आहे म्हणजे द्यायचीय, कुणी दिली ते विचारायची गरजच नाही. ह्यांचा अलार्म मी काढायला लावला नाही, फक्त नाव बदलायला लावलं, दोघांच्याही फोनवर आता "डबा बघ" एवढंच येतं. वेळेवर हाक मारायला दोन फोन असले म्हणून बिघडत नाही, गोळी दिली की नाही याची नोंद मात्र एकट्या डब्यात राहते. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, एकाहून जास्त जण औषधं देतात, मुलगा पणजीहून वीकएंडला येतो, शेजारी केअरटेकर आहे, त्यांना मी हात जोडून सांगते, आजच्या आज हा डबा आणा आणि कुणाकुणाच्या फोनवर कुठल्या नावाने कुठला अलार्म आहे ते एकत्र बसून बघा. आम्ही बघितलं तेव्हा ह्यांच्या फोनवर आणखी दोन निघाले, एक तर डॉक्टरांनी बंद केलेल्या गोळीचा होता.

आता तुमच्याकडे आणि तुमच्यामार्फत इतरांकडे माझ्या विनंत्या. माझ्या पुतण्याच्या शाळेतून एकच सूचना वर्गाच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, शाळेच्या ॲपवर आणि मुलाच्या डायरीत अशी चार वेळा येते, प्रत्येक ठिकाणी मजकूर थोडा वेगळा, आणि आई-बापाला कळत नाही की ही तीच फी आहे की दुसरी. सरकारी पत्राला जावक क्रमांक असतो तसा प्रत्येक सूचनेला एक क्रमांक द्या, कुठेही पाठवा, क्रमांक तोच ठेवा, आणि बदल झाला तर "सूचना १४, सुधारित" असं लिहा. सोसायट्या, देवस्थान समित्या, क्लब, सगळ्यांनी हे करावं, याला एक पैसा लागत नाही.

आणि तुमच्याकडे एवढंच, की चवथीच्या पुरवणीत माटोळीच्या सामानाची यादी छापाल तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे कोंकणी आणि मराठी दोन्ही नावं एकाच ओळीत द्या आणि बाजूला दोन रकाने मोकळे सोडा, एक "कोण आणणार" आणि एक "आणलं". ग्रुपवर फोटो न फिरवता लोकांनी ते पान कापून देवाच्या खोलीच्या दारावर चिकटवावं आणि आणणाऱ्याने स्वतः येऊन पेनने नाव लिहावं. आमच्या घरी यंदा कागदावर हाताने रकाने आखून तेच करणार आहोत, पहिल्या ओळीत केवणीचे दोर लिहून झालेत आणि पुढे मोठ्या दीरांनी स्वतःचं नाव घातलंय.

आपली नम्र,
एक वाचक, अस्नोडा, बार्देश